ओसी आली नाही, चावी घेऊ का?

प्रश्न : ताई, पुण्यात टूबीएचके घेतलाय. बिल्डर म्हणतो ओसी येईलच, फर्निचरसाठी चावी आत्ताच घ्या. भाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहे हो, काय करू?

उत्तर : दोन्हीकडून पैसे जातायत, जीव कासावीस होतो, कळतंय मला. तरी थांबा. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, तो नसताना राहायला जाणं नियमात बसत नाही. माझ्या बहिणीने अशीच चावी घेतली आणि मग पालिकेचं पाणी नाही म्हणून दोन वर्षं टँकरवर काढली, उन्हाळ्यात तर बादल्या मोजून अंघोळी. महारेरा, म्हणजे राज्यातल्या बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्टची माहिती बघा, आणि करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटली असेल तर उशिराचं व्याज मागता येतं, ते लेखी मागा.

ओसी आली की मगच घर बघायला जा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे जातं की दाराशी साचतं बघा, फरशा नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला तर लिहून द्या. 'काही तक्रार नाही' असल्या कागदावर घाईत सही नको. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरनेच फुकट करायची असते.