वादळानं नेलं की आपणहून गेले?

प्रश्न : हवाई, ताहिती, न्यूझीलंड ही बेटं एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर. तरी तिथले मूळ लोक एकाच कुळातले, असं वाचलं. होकायंत्र नसताना ते पोचले कसे? वादळात भरकटूनच ना? आणि मग त्यांच्यात एवढा वेगळेपणा कसा? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही हो, भरकटून नव्हे! माझी तीस वर्षं जहाजावर गेली, म्हणून हे ठासून सांगतो. भरकटते ती मासेमारीला गेलेली होडी, तिच्यात चार पुरुष असतात. इथं आल्या त्या जोडहोड्या; त्यांत बायकामुलं, डुकरं-कोंबड्या, अळूचे कंद, नीरफणसाची रोपं. बिऱ्हाड घेऊनच निघालेली माणसं ती.

शिवाय तिथला वारा बहुतेक काळ पूर्वेकडून येतो आणि हे लोक सरकत गेले पूर्वेकडेच. वारा थोडा फिरला की निघायचं. जमीन नाही दिसली, तर नेहमीचा वारा घरी आणून सोडतो. परतीची सोय आधी बघणारा खरा दर्यावर्दी. सुमारे ३००० वर्षांपूर्वी ते टोंगा-सामोआला पोचले, तिथं पुष्कळ काळ राहिले. हवाई, ईस्टर बेट आणि सगळ्यात शेवटी न्यूझीलंड गाठलं ते गेल्या हजारेक वर्षांत.

१९७६ साली 'होकुलेआ' नावाची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली. वाट दाखवणारे होते सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग. जवळ एकही उपकरण नाही. कुठला तारा कुठं उगवतो आणि दुरून येणारी लाट होडीला कशी हलवते, एवढ्यावर त्यांनी महिन्याभरात ताहिती गाठलं. रडार असूनही जहाजाच्या ब्रिजवर रात्र जागून काढलेल्या मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

मूळ एक, हे भाषेत कळतं. 'पाच'ला हवाई आणि सामोआत 'लिमा', न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या माओरी भाषेत 'रिमा', पार आपल्या महासागरातल्या मादागास्करला 'दिमी'. वेगळेपण आणलं जमिनीनं. न्यूझीलंडच्या थंडीत नारळ, नीरफणस जगेनात. तिथं दक्षिण अमेरिकेतून आलेलं रताळं खड्ड्यांत साठवून हिवाळा काढू लागले. तुवालूच्या प्रवाळबेटांवर धड माती नाही. तिथं गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं, पालापाचोळा कुजवायचा आणि त्यात अळूच्या जातीचा कंद लावायचा.

तुमच्याकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात ना? ही युक्ती याच लोकांच्या पूर्वजांकडून हिंदी महासागरात पसरली, असं बरेच अभ्यासक मानतात. किनाऱ्यावर गेलात की ती जरा निरखून बघा.