ऑनलाइन शाळेत माझी एक चूक दीड वर्ष कुणाला दिसली नाही

तुमची मुलगी येत्या वर्षी चौथीपासून पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत शिकणार आहे, म्हणून लहान वयात अशा शाळेत शिकलेल्यांचा अनुभव तुम्ही विचारला आहे. मी सहावीचे संपूर्ण वर्ष आणि सातवीचे जवळजवळ अर्धे वर्ष घरातील टेबलाशी बसून शिकलो. २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि त्या एप्रिलमध्ये जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग बंद असल्याची नोंद युनेस्कोने केली. माझ्या शिक्षकांसाठीही सारे नवे होते. तुमच्या मुलीची शाळा अधिक तयारीची असेल. परंतु मला जे सांगायचे आहे ते उत्तम तयारीच्या शाळेतही घडू शकते, असे मला वाटते: मुलाला न समजलेली गोष्ट पडद्याआड राहून जाते, आणि ती तिथे राहिली आहे हे त्या मुलालाही कळत नाही.

सहावीत आम्हाला भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज शिकवली गेली. मी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत असे, म्हणजे १/२ आणि १/३ यांची बेरीज माझ्या वहीत २/५ अशी येत असे. तास संपताना बाई "समजलं का?" असे विचारत आणि चॅटमध्ये एकामागून एक "हो बाई" उमटू लागत, त्यांत माझेही असे. मी खोटे लिहीत नव्हतो, मला खरोखरच समजले आहे असे वाटत होते. वही मात्र कॅमेऱ्याच्या खाली, टेबलावर असे. गृहपाठाचा फोटो पाठवायचा असे, पण चाळीसेक मुलांच्या वहीचे अंधुक फोटो एका लहान पडद्यावर ओळीने वाचणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नव्हते. चाचण्या चार पर्यायांच्या होत्या. चुकले की लाल फुली आणि शेजारी बरोबर उत्तर दिसे. मी ते उत्तर पाठ करून टाकत असे, त्यामुळे पुढच्या चाचणीत तोच प्रश्न आला तर मला गुण मिळत आणि चूक जिथल्या तिथे राही. शिवाय तोंडी प्रश्न आला की शेजारी बसलेली आई हळूच उत्तर सांगत असे. तिने ते मायेपोटी केले आणि मला त्या वेळी हायसेच वाटे, पण त्यामुळे बाईंच्या मनात माझ्याविषयी जे चित्र तयार झाले ते माझे नव्हते.

शंका विचारणे इतके अवघड का व्हावे, याचे कारण मला पुष्कळ पुढे कळले. दहा भाषांमधील संभाषणांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातील अंतर सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद इतकेच आढळले होते. बोलण्याची पाळी आपण एवढ्या झटकन घेतो आणि देतो. ऑनलाइन वर्गात मात्र हात वर केल्याचे चिन्ह दाबायचे, नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची, म्यूट काढायचे आणि आवाज पलीकडे पोहोचेपर्यंत थांबायचे. तोवर बाई पुढच्या उदाहरणावर गेलेल्या असत आणि सगळा वर्ग शांतपणे आपलेच ऐकत आहे या जाणिवेने माझी शंका घशातच राही. प्रत्यक्ष वर्गात मी ती शेजारच्या मुलाला कोपराने ढोसून विचारली असती. आमच्या शाळेत ऑनलाइन तासाला शेजार असा नव्हताच, आणि मला सर्वांत जास्त उणीव त्याचीच भासली.

थकवा हा दुसरा भाग. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणे आणि एका जागी खिळून बसावे लागणे ही दोन आहेत. मला दोन्ही तंतोतंत पटतात. मी फळ्याकडे कमी आणि माझ्या विस्कटलेल्या केसांकडे जास्त पाहत असे.

चांगलेही काही होते, आणि ते मी मनापासून सांगतो. विज्ञानाच्या तासाचे रेकॉर्डिंग मी तीन-तीनदा पाहत असे, आणि वर्गात कधीही न बोलणारी एक मुलगी चॅटमध्ये इतके नेमके प्रश्न विचारू लागली की आम्ही सारे तिच्या प्रश्नांची वाट पाहत असू.

सातवीत शाळा पुन्हा भरली. गणिताच्या तासाला बाकांमधून फिरताना सर माझ्यापाशी थांबले, वहीवर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, "अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल?" २/५ हे १/२ पेक्षा लहान असते हे मला माहीत होते, त्या उत्तराकडे तशा नजरेने पाहायला मला कुणी सांगितलेच नव्हते. लसावि काढून छेद समान करणे मी त्याच तासात शिकलो.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे. मुलीच्या शेजारी बसा, पण उत्तर सांगू नका. तिचे चुकीचे उत्तर शिक्षकांपर्यंत पोहोचू द्या. पडद्यावर तिचा चेहरा तिला स्वतःला दिसू नये, ही सोय तिला दाखवा. दोन-तीन मुलांचा लहान गट जमवता आला, तर त्यांना तासानंतर मोठ्यांशिवाय बोलू द्या. आणि रोज एकदा तिची वही हातात घेऊन एखादे उदाहरण तिने कसे सोडवले हे तिच्याच तोंडून ऐका, विशेषतः ज्या दिवशी तिने "सगळं समजलं" असे सांगितले असेल त्या दिवशी.