लंगराचं सरपण कोण आणतं?

मागच्या अंकात पंजाबातल्या खेड्यांविषयी, तिथल्या गुरुद्वारातल्या लंगराविषयी म्हणजे कोणाचीही जात न विचारता रोज वाढल्या जाणाऱ्या फुकट पंगतीविषयी चार ओळी लिहिल्या त्यावर बरीच पत्रं आली, काही व्हॉट्सॲपवर, दोन चक्क पोस्टकार्डावर. सगळ्यांना उत्तर द्यायला पान पुरणार नाही, चार घेतोय. नावं कोणाचीच छापत नाही, का ते तिसरं पत्र वाचलंत की कळेल.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरलं तेव्हा हायवेला अडकलेल्या दोन ट्रकवाल्या सरदारजींनी पातेलं मांडून डाळभात सुरू केला, कोणालाही विचारलं नाही की तू कुठल्या वाडीचा. आमच्या मंडळालाही असं काहीतरी कायमचं चालू करायचंय पण वर्गणी चार दिवसात आटते. पंजाबात गावोगाव हे रोज कसं परवडतं? (चिपळूण तालुका)

दादा, आपली वर्गणी आणि त्यांचं दसवंध ह्यात फरक आहे. आपण पावतीपुस्तक घेऊन फिरतो, गणपतीला चाकरमानी आले की त्यांना गाठतो, आकडा बोर्डावर लागला की देणाऱ्याचं काम संपलं. दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, तो ज्याचा त्याने स्वतःहून काढायचा, आणि पैशातच हवा असं काही नाही. गहू निघाला की गहू, म्हैस पिळली की त्यातलं तांब्याभर दूध, आणि ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही तो रोट्या लाटतो, भांडी घासतो, नाहीतर दाराशी लोकांचे जोडे सांभाळतो, आणि ह्या जोडे सांभाळण्याला तिथे मोठा मान आहे. किरत करो, नाम जपो, वंड छको असं त्यांच्यात म्हणतात, म्हणजे राबा, नाम घ्या, वाटून खा, आणि ह्यातलं तिसरं पहिल्या दोनांइतकंच सक्तीचं.

मी २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला ८८ व्या साहित्य संमेलनाला गेलो होतो, गुरदासपूर जिल्ह्यातलं ते आपल्या नामदेवांचं गाव, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. भाषणं आता आठवत नाहीत खरं सांगायचं तर, पंगत आठवते. रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची, तिला परशादा म्हणतात. मी सवयीने एकच हात पुढे केला तर वाढणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा तसाच थांबला, काही बोलला नाही, दुसरा हात पुढे आला तेव्हा वाढलं.

तुम्ही रोजच्या भानगडीत पडू नका. महिन्यातला एक दिवस एका घराचा असं वाटून घ्या, पैसे नकोत, तांदूळ, नारळ आणि दोन माणसं द्या म्हणावं. आणि जागा निवडा ती सरकारी दवाखान्याच्या आसपासची, पेशंटबरोबर आलेल्या माणसाला रात्री आठनंतर कुठे घास मिळत नाही हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भोगलंय.

तुमच्या वाशिष्ठी नदीच्या गाळाबद्दल तुम्ही पत्राच्या मागे लिहिलंय. त्यावर एवढंच सांगतो की सुलतानपूर लोधीला संत बलबीरसिंग सीचेवाल ह्यांनी २००० साली १६० किलोमीटरची काली बेईं नदी लोकांना घेऊन साफ करायला घेतली, स्वतः पाण्यात उतरून जलपर्णी उपसली. पण नुसती उपसून भागलं नसतं. गावांचं सांडपाणी नदीत येत होतं, ते तळ्यांत साठवून, निवळून शेतीला द्यायची सोय करत गेले, त्याला आता सीचेवाल मॉडेलच म्हणतात. पद्मश्री त्यांना २०१७ ला मिळाली, म्हणजे सतरा वर्षांनी. मंडळाच्या मीटिंगला हा आकडा आधी सांगा.

प्रश्न : आमच्या वाचनालयात मी शिखांच्या सेवेवर बोलले, त्यात पंजाबातले मानवी हक्कांसाठी लढलेले जसवंतसिंग खालडा ह्यांचं नाव घेतलं तर एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, बाई, सेवेबद्दल बोला, राजकारण कशाला आणता. मी गप्प बसले. माझं चुकलं का? (शिक्षिका, देवगड)

नाव घेतलंत ते बरोबर, गप्प बसलात ते चुकलं. रागावू नका ताई.

त्या सभासदांना आधी गुरु का बाग सांगा. अमृतसरजवळचं गुरुद्वाराचं ठिकाण, साल १९२२. ऑगस्टात पाच अकाल्यांना, म्हणजे गुरुद्वारं महंतांच्या ताब्यातून सोडवायला उभे राहिलेल्या शिखांना, पकडलं, गुन्हा काय तर गुरुद्वाराच्या जमिनीतली बाभळ तोडली, आणि ती तोडली होती लंगराच्या चुलीसाठी. महंत म्हणाला जमीन माझी, इंग्रज सरकार महंताच्या बाजूने, सहा-सहा महिने सक्तमजुरी. मग रोज एक जथा म्हणजे तुकडी हात न उचलायची शपथ घेऊन निघायची आणि पोलीस त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत लाठ्या मारायचे, गांधीजींचे इंग्रज मित्र सी. एफ. अँड्र्यूज हे बघून आले आणि त्यांनी जगाला सांगितलं. पाच हजारांवर लोक आत गेले, पण शेवटी लाकूड तोडायचा हक्क मिळाला. आता ह्यात सेवा कुठे संपली आणि राजकारण कुठे सुरू झालं ते त्यांनाच दाखवायला सांगा. आपल्याकडे गावजेवणाला सरपण कोणाच्या आगरातून येतं हे कोणी विचारत नाही, विचारलं की भांडण होतं.

खालडांची गोष्टसुद्धा सरपणाचीच आहे, फक्त ते चितेचं. हे अमृतसरला एका बँकेत डायरेक्टर होते. ओळखीतली काही माणसं गायब झाली म्हणून शोधायला लागले आणि शोधत शोधत स्मशानाच्या नोंदवहीपर्यंत पोचले. तिथे लिहून ठेवलेलं, पोलिसांनी बेवारस म्हणून किती प्रेतं आणली, किती लाकूड लागलं. सरकारी कारकुनाने इमानेइतबारे लिहिलेला हिशोब, दुसरं काही नाही. तो ऐंशी-नव्वदच्या दशकातला दहशतवादाचा काळ वाईट होता हे खरंच, अतिरेक्यांनी बसमधून उतरवून निरपराध लोक मारले तेही झालेलं आहे आणि ते कोणी लपवू नये, पण म्हणून पोराला घरून उचलून नेलं आणि आईला राखसुद्धा मिळाली नाही हे बरोबर होत नाही. खालडा हे जाहीर बोलले, हायकोर्टात गेले तर याचिका फेटाळली गेली. ६ सप्टेंबर १९९५ ला घरासमोर गाडी धूत असताना त्यांनाच उचललं आणि नंतर मारलं. त्यांच्या पत्नी परमजीत कौर, विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी करणाऱ्या बाई, त्यांनी सुप्रीम कोर्ट गाठलं, सीबीआयची चौकशी लागली आणि १९९६ च्या डिसेंबरात सीबीआयने सांगितलं की अमृतसर, पट्टी आणि तरन तारन ह्या तीन स्मशानांत मिळून २,०९७ प्रेतं बेकायदा जाळली. त्यातल्या फक्त ५८५ जणांची पूर्ण ओळख पटली होती. खालडांच्या खुनासाठी २००५ ला सहा पोलिसांना शिक्षा झाली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात २०११ पर्यंत चाललं. बाई वाचनालयातल्या होत्या हे मात्र तुमच्या सभासदांना आवर्जून सांगा.

आणि भगत पूरणसिंग माहितीच असतील, अमृतसरच्या पिंगळवाड्याचे, म्हणजे अपंग-निराधारांच्या आश्रमाचे, अपंग पियारासिंगला वर्षानुवर्षं पाठीवर घेऊन फिरणारे. एवढा सेवाभावी माणूस, १९७९ ला पद्मश्री मिळाली आणि १९८४ ला सुवर्णमंदिरावरच्या लष्करी कारवाईनंतर परत केली. त्यांना कोणी म्हटलं असेल का, बाबा तुम्ही फक्त जखमा धुवा.

प्रश्न : शिखांत जात नाही म्हणता, आम्हाला तरी ते स्वर्गासारखं वाटतं. आमच्या गावात शिमग्याच्या मानावरून गावकीने आम्हाला वाळीत टाकलंय, तीन वर्षं झाली. पालखी दारात येत नाही, किराणावाला उधार सोडा रोखीनेसुद्धा देत नाही. मंडळाचं अन्नदान मात्र जोरात. नाव छापू नका. (रायगड जिल्हा)

पहिल्यांदा कामाचं बोलतो. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, २०१७ पासून लागू, आणि तो आणावा लागला त्यात तुमच्याच जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांचा वाटा मोठा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात तक्रार करा, तिथे टाळाटाळ झाली तर थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. त्याआधी आजच एक वही घाला. कोण कोणत्या तारखेला काय म्हणालं, दुकानदाराने काय नाकारलं, तेव्हा तिथे कोण उभं होतं, सगळं लिहा. वरचं पत्र वाचलंत ना, वही काय करू शकते ते.

आता स्वर्गाचं. पंगतीत जात नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, पण पंजाबात जवळपास ३२ टक्के लोक अनुसूचित जातीचे, देशात सगळ्यात जास्त प्रमाण, आणि जमीन त्यांच्याकडे नावापुरती. कित्येक गावांत गुरुद्वारा वेगळा, स्मशान वेगळं. कायद्याने पंचायतीच्या शेतजमिनीतला तिसरा हिस्सा त्यांना लिलावात राखून ठेवलेला आहे, पण जमीनदार आपल्याच गड्याला बोलीला उभा करायचा, नाव गड्याचं आणि पीक मालकाचं. संगरूरकडे २०१४ पासून जमीन प्राप्ती संघर्ष कमिटीने हे मोडायला घेतलं, सगळ्या घरांनी मिळून एकत्र बोली लावायची, एकत्र कसायचं. त्यात बायका पुढे होत्या आणि त्याचं कारण वैरण. दुसऱ्याच्या बांधावर गवत कापायला गेलं की शिव्या आणि नको ते हात सोसायला लागायचे, स्वतःची वैरण झाली की ते थांबतं. जमीन मागितली म्हणून त्यांच्यावरही बहिष्कार टाकले, दूध बंद, मजुरी बंद, आणि कधी हे पुकारलं गेलं गुरुद्वाराच्या स्पीकरवरून. ज्या स्पीकरवरून लंगराला या म्हणतात त्याच. तरी लोक मागे हटले नाहीत, बलद कलांसारख्या गावात जमीन मिळाली.

तुमच्या मंडळाचं अन्नदान जोरात चाललंय म्हणता, त्याचा फ्लेक्ससुद्धा फोटो काढून वहीत लावा. त्यावर विश्वस्तांची नावं असतील, तक्रारीत उपयोगी पडतील. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले ह्यांना तिथे फुकट मिळतो.

प्रश्न : लंगरात मासे चालतात का हो? आमच्याकडे मासळीशिवाय मंडळाची माणसं जमत नाहीत. (मालवण)

नाही चालत. जो कोणी येईल, मग तो काय खाणारा असो नसो, त्याला जेवता यावं म्हणून लंगर शाकाहारी. तुम्ही कुळथाची पिठी आणि भात करा, सोबत सोलकढी. बांगडे मीटिंगला ठेवा, मीटिंग लंगरात धरत नाहीत.