थारचं कापडी छत आणि विदर्भाचं ऊन

प्रश्न: नागपुरात सॉफ्ट टॉपची थार वापरतो. मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या धूसर झाल्यात, एसीही लवकर गारवा देत नाही. उपाय सांगा.

उत्तर: धूसरपणा बहुतेकदा कोरड्या फडक्याने येतो. धुळीचे कण घासले जाऊन बारीक चरे पडतात. म्हणून आधी भरपूर पाणी ओता, मग सौम्य कार शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबरने, न दाबता पुसा. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर अजिबात नको. हलके चरे प्लास्टिक पॉलिशने कमी होतात. उन्हाने आलेला पिवळेपणा मात्र निघत नाही, तेव्हा खिडकीच बदलावी. ते टाळायचं तर अतिनील किरणांपासून वाचवणारा स्प्रे नियमित मारा आणि शक्यतो सावलीत गाडी लावा.

छत ओलं असताना गुंडाळू नका, बुरशी धरते. छताच्या चेनला (झिपला) तेल लावलं की धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे बरा.

एसीचं म्हणाल, तर कापड आतून अस्तर लावलेल्या धातूच्या छताइतकी उष्णता अडवत नाही. निघताना काचा उघड्या ठेवून दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) सुरू करा. छताच्या कडा नीट बसल्यात ना, तेही पाहा.