राजधानी नसलेले किपचाक

प्रश्न : जुन्या नकाशांत काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून थेट मध्य आशियापर्यंत 'किपचाक' असं लिहिलेलं दिसतं. एवढ्या मोठ्या राज्याची राजधानी कुठे होती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : राजधानी नव्हती, कारण ते एकसंध राज्यच नव्हतं. अकराव्या ते तेराव्या शतकात त्या गवताळ पट्ट्यात किपचाक म्हणवल्या जाणाऱ्या, तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्या अनेक टोळ्या घोडे-मेंढरं घेऊन फिरत, आणि प्रत्येकीचा खान वेगळा. मोहिमेपुरते एकत्र यायचे, पुन्हा पांगायचे. युरोपात त्यांना कुमान म्हणत. १०९१ साली त्यांनीच बायझंटाइन सम्राटाच्या बाजूने लढून पेचेनेग या दुसऱ्या भटक्या लोकांचा धुव्वा उडवला. पेचेनेगही तुर्कीच!

पण मला खरा चटका लावतो तो खान कोत्यान. मंगोल आले तेव्हा त्याने जावयाकडे, गालिचच्या (आजच्या युक्रेनमधल्या) राजाकडे, मदत मागितली. १२२३ साली कालका नदीवर दोघांचीही फौज कापली गेली. पुढे १२३९ मध्ये हंगेरीचा राजा चौथा बेला याने त्याला लोकांसह आसरा दिला. दोनच वर्षांनी मंगोल तिथेही येऊन धडकले आणि पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) लोकांनी मंगोलांचा हस्तक समजून त्यालाच मारलं. ज्यांच्यापासून तो पळाला, त्यांचाच हेर ठरवून!

किपचाकांना बघायचंच असेल, तर युक्रेनमधल्या द्निप्रोच्या संग्रहालयातले दगडी पुतळे बघा. पोटाशी दोन्ही हातांत भांडं धरलेलं, बायकांच्या गळ्यात माळा. आणि बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला एक किपचाक मुलगा, बैबर्स, १२६० साली इजिप्तचा सुलतान झाला. त्याच्याबद्दल जरूर वाचा.