आपल्याच गावची गाईड

अनेक आशीर्वाद.

आपल्याच गावात गाईड व्हायचं ठरवल्याचं तुझं पत्र मिळालं. सोबतचं गावच्या इतिहासाचं जाडजूड टिपणही वाचलं. सनावळ्या जागच्या जागी आहेत, मेहनत दिसते. पण हे सगळं घोकून तू माणसं फिरवायला निघणार असशील, तर जरा थांब. प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकानं डेल्फीच्या देवस्थानातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. गाईड ठरलेलं भाषण म्हणत सुटले होते, शिलालेखामागून शिलालेख वाचून दाखवत होते. पाहुणे बिचारे आवरतं घ्या म्हणून विनवत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. हे लिहिल्याला जवळपास १९०० वर्षं होऊन गेली. आपला धंदा इतका जुना आहे आणि त्याची खोडही तितकीच जुनी.

तू लिहिलंस, 'मी इथेच जन्मले, गाव मला पाठ आहे.' खरं सांगू का, माहितीच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. बाहेरचा एखादा चिकाटीचा माणूस दोन वर्षं दप्तरं चाळेल आणि तुझ्यापेक्षा जास्त गोळा करील. आपण रोज ज्या कमानीखालून जातो ती कधी बांधली, हे आपल्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. विचारायची वेळच आलेली नसते. तुझा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. ज्यांच्याबद्दल तू बोलणार आहेस, ती माणसं ऐकत असतात. वरच्या खिडकीत कुणीतरी उभं असतं, पायरीवर कुणी पेपर वाचत असतं. पाहुणे दोन तासांत पांगतील, पण दुसऱ्या दिवशी तुला त्याच गल्लीतून जायचं आहे. परक्या गावातल्या गाईडला ही धास्ती नसते, म्हणून तो काहीही ठोकून देऊ शकतो. तुला ते परवडणार नाही, आणि माझ्या मते तुझं काम त्याच्यापेक्षा चांगलं होण्याचं कारण हेच ठरेल.

आधी दंतकथांचं बघू, कारण तुझ्या टिपणात त्या बऱ्याच आहेत.

आग्र्याला सांगतात, ताजमहाल बांधून झाल्यावर बादशहानं कारागिरांचे हात तोडले, म्हणजे दुसरा ताज होऊ नये. प्रागला सांगतात, चौकातलं खगोलघड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे नगरपित्यांनी काढले, म्हणजे दुसऱ्या शहराला तसं घड्याळ मिळू नये. मॉस्कोला सांगतात, सेंट बेसिलचं चर्च बांधणाऱ्यांचे डोळे झार इव्हाननं काढले. कारण तेच. तीन शहरं, तीन राज्यकर्ते, गोष्ट एकच. आणि तिन्ही ठिकाणी कागद वेगळं बोलतात. प्रागच्या घड्याळाबद्दल १४१०चा दस्तऐवज आहे, त्यात कर्त्याचं नाव मिकुलाश असं आहे, कादान गावचा. मॉस्कोचं चर्च १५६१मध्ये पुरं झालं, आणि ज्या पोस्तनिकचे डोळे गेले म्हणतात त्याचं नाव नंतर कझान या दुसऱ्या रशियन शहरातल्या बांधकामातही येतं. ताजचं काम १६३२च्या सुमारास सुरू झालं आणि १६३९मध्ये शाहजहाननं दिल्लीत लाल किल्ला बांधायला घेतला. हात तोडणाऱ्या बादशहाच्या कामावर पुन्हा कोण आलं असतं?

तुझ्या टिपणात हात तोडणं नाही, पण राजा पळून गेला ते भुयार आहेच. नसतं तर मला काळजी वाटली असती. पुतळ्याच्या घोड्याचा एक पाय वर असला तर स्वार जखमी झालेला, दोन्ही वर असले तर रणात पडलेला, हेही आहे. हे तर साऱ्या जगभर सांगतात आणि ते कुठेच नियम म्हणून टिकत नाही. शिल्पकाराला पेलेल तसा घोडा तो उभा करतो. ते आजच खोड.

भुयाराचं मात्र लगेच खोडू नकोस, आधी शोध घे. तोंड कुठे आहे, कुणी पाहिलं आहे, आत किती जाता येतं? बहुतेक भुयारं शेवटी तळघर, पाण्याचा पाट नाहीतर गटार निघतात. लोक हिरमुसतात, पण मला गटार जास्त आवडतं. एवढ्या जुन्या वस्तीचं सांडपाणी कुठे जायचं, ते कुणी बांधलं, त्याचा खर्च कुणी दिला, ते साफ करायला आत कोण उतरायचं आणि त्याची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला होती? राजाच्या पळून जाण्याच्या गोष्टीत यातलं एकही माणूस नसतं.

दंतकथा सांगायचीच नाही, असं मी म्हणत नाही. ती गावाचीच आहे. 'लोक असं सांगतात' म्हणून सांग. शक्य झालं तर केव्हापासून सांगतात तेही बघ. पुष्कळदा गोष्ट घटनेनंतर दोनशे वर्षांनी उगवलेली असते, आणि ती तेव्हाच का उगवली हे शोधायला मजा येते. चाचणी सोपी आहे. गोष्टीतलं तुझ्या गावाचं नाव काढून शेजारच्या गावाचं घाल. गोष्ट तशीच चालली तर ती तुझ्या गावाची नव्हे. दुसऱ्या शतकात पौसानियास नावाच्या प्रवाशानं अर्गोस या ग्रीक शहरातल्या गाईडांबद्दल लिहिलं आहे की आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे त्यांना ठाऊक असतं, तरी ते तेच सांगत राहतात, कारण लोकांचं मत बदलणं सोपं नसतं. ते गाईड अर्गोसचेच होते. मला त्यांची अडचण कळते. गावातल्या माणसाला गावाची लाडकी गोष्ट मोडणं जड जातं.

आता गावातल्या माणसांचं.

असं होणार, हे धरून चाल. तू कोपऱ्यावर उभी राहून इथे विहीर होती असं सांगतेस. मागून सायकल थांबते. आजोबा एक पाय जमिनीवर टेकवून ऐकतात, मान हलवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, 'कोण सांगतंय हे? विहीर तिकडे होती, त्या भिंतीच्या पलीकडे.' पाहुणे तुझ्याकडे बघतात. अशा वेळी वाद घालू नकोस आणि हसून पुढेही सरकू नकोस. बाजूला हो, त्यांना पुढे घे आणि विचार : पाणी कोण भरायचं, कुठल्या बाजूनं उतरायचं, बुजवली तेव्हा तुम्ही केवढे होता? तीन-चार मिनिटं जाऊ देत. घरी गेल्यावर पाहुण्यांच्या लक्षात राहतील ते आजोबाच. मग दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे जा. हे दुसऱ्या दिवशी जाणं महत्त्वाचं, बाकीचे गाईड तेवढंच टाळतात.

माझा अनुभव असा की जुनी माणसं साल चुकवतात, कधीकधी दहा वर्षांनीही, पण जागा सहसा चुकवत नाहीत. म्हणून साल कागदावरून घ्यावं आणि जागा माणसाकडून. कागदांत जुने नकाशे आणि नगरपालिकेची कामकाजाची पुस्तकं आहेतच, पण माझं सगळ्यात लाडकं दप्तर म्हणजे दिवाणी खटल्यांचं. दोन शेजारी एका भिंतीवरून भांडले की भिंतीची लांबी-रुंदी, दार कुठे, झाड कुणाचं, पाणी कुठून वाहतं, सगळं शपथेवर लिहून ठेवलेलं मिळतं. सलोख्यानं राहिलेल्या माणसांनी इतिहासासाठी फारसं काही मागे ठेवलेलं नाही. जुना फोटो मिळाला तर इमारतीआधी कडेला बघ. विजेचा खांब आहे की नाही, दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, झाड केवढं आहे. तारीख तिथून निघते.

तुझ्या टिपणात एक गोष्ट मला सापडली नाही. गावात वाईट काय घडलं, ते त्यात नाही. लढाया आहेत, पण त्यात मेलेले सगळे परके. दंगल नाही, उठवलेली वस्ती नाही, कुणाला पाणी नाकारल्याचं नाही. गावाची बदनामी नको म्हणून वगळलं असशील. पण खिडकीतून ऐकणाऱ्यांत ज्यांच्या घरावर ते गुदरलं तीही माणसं आहेत, आणि तू गप्प राहिलेली त्यांना बरोब्बर ऐकू येते.

केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीची गोष्ट तुला माहीत असावी. वर्णभेदी सरकारनं १९६६मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव ठरवली. पुढच्या वर्षांत ६०,०००हून जास्त माणसं तिथून उठवली आणि घरं बुलडोझरनं पाडली. १९९४मध्ये तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. त्याच्या जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे, आणि जुन्या रहिवाशांनी आपलं घर कुठे होतं ते स्वतःच्या हातानं त्यावर लिहिलं आहे. पाहुण्यांशी बोलायला तिथे उठवलेल्यांपैकीच माणसं उभी राहिली. त्यांनी आवाज चढवायची गरज नव्हती. 'माझं घर इथे होतं' म्हणून बोट ठेवलं की झालं.

असं काही सांगताना विशेषणं गाळ. नाव, घर, वर्ष, काय झालं. जर्मनीत गुंटर डेम्निग नावाचा कलाकार नाझींनी नेलेल्या माणसांच्या दाराबाहेर, फुटपाथवर, १९९२पासून छोटे पितळी ठोकळे बसवतो आहे. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदी. 'इथे राहत होती', नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. बस. २०२३मध्ये त्यातला १,००,०००वा ठोकळा बसला. त्यापुढे उभ्या राहणाऱ्या गाईडला फारसं बोलावं लागत नाही. मात्र एक पथ्य पाळ : ज्यांच्या घरची गोष्ट, त्यांना आधी जाऊन विचार. नको म्हणाले तर घर दाखवू नकोस. गोष्ट गल्ली न सांगताही सांगता येते.

जिवंत माणसांची अदब राखणं आता काही शहरांनी नियमातच घातलं आहे. ॲमस्टरडॅमनं २०२०पासून आपल्या जुन्या वेश्यावस्तीत गाईडसह फिरणं बंद केलं. खिडकीत बसलेल्या बायकांना प्रेक्षणीय स्थळ समजणं त्यांना मान्य नव्हतं. व्हेनिसनं २०२४मध्ये गटाला २५ माणसांची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकर बंद केले. तुझ्या गावात असा नियम नसला तरी तू स्वतःला घालून घे. मी तर पंधराच्या वर माणसं नकोच म्हणेन. अरुंद गल्लीत तीस माणसं उभी राहिली की राहणाऱ्यांना घरात शिरायला 'जरा सरका' म्हणावं लागतं. आपल्याच दारात परवानगी मागायला लागलेला माणूस तुझ्या इतिहासावर प्रेम करणार नाही. गावातला तुझा परवाना कुठला, कोण देतं, पुरातत्त्व खात्याच्या जागी वेगळा लागतो का, हे आधी चौकशी करून घे. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

बाकी हातखंडे चालता चालता येतील, तरी दोन-तीन लिहितो. ऊन तुझ्या डोळ्यांवर असू दे, पाहुण्यांच्या नको. शेवटचा माणूस पोचेपर्यंत तोंड उघडू नकोस. तो नेहमी दमलेला किंवा लाजरा असतो, आणि अर्धं बोलणं हुकलं की तो पुढे ऐकायचंच सोडतो. आधी बघू दे, मग बोल. माणसं बघत असताना कान बंद असतात. घसा बसायला लागला तर आवाज वाढवू नकोस, माणसांना जवळ बोलाव. आणि प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'बघून कळवते' म्हण आणि खरोखर कळव.

पैशांचं तू भीतभीत विचारलं आहेस. फुकट फिरवायचं आणि शेवटी खुशीनं द्या म्हणायचं, ही पद्धत पुष्कळ शहरांत रुळली आहे. मला ती आवडत नाही. टिपेवर पोट असलं की माणूस हळूहळू हशा पिकवायला लागतो, आणि हशासाठी कुणाचे तरी हात तोडावे लागतात. फी ठरव, आधी सांग, गावातल्यांना फुकट ठेव. दुकानात नेऊन कमिशन घेऊ नकोस. घेतलंस तर त्या गल्लीतल्या बाकी दुकानदारांना संध्याकाळपर्यंत कळलेलं असेल.

कंटाळा येईल. सहा महिन्यांनी तोच चौक, तेच वाक्य, त्याच जागी तेच हसू. तेव्हा मार्ग बदलू नकोस, एक थांबा बदल. नाहीतर एक दिवस गावातल्याच माणसांना घेऊन तोच मार्ग फिर. तू बोलणार कमी, टिपून घेणार जास्त. त्या दिवशी तुझं टिपण किती ठिकाणी कच्चं आहे ते कळेल, आणि पुढचे सहा महिने काय शोधायचं तेही.

पुढच्या पत्राबरोबर मार्गाचा नकाशा पाठव. थांबे आठच्या वर असतील तर आधी तूच खोड, मग पाठव. आणि त्या विहिरीची जागा कुणाला तरी विचारून ये.