आजीचं दार उघडं राहू दे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 फुटांच्या घरात गेलात. घरात स्वतःचं संडास-बाथरूम आलं, लिफ्ट आली. तरी चाळ पाडताना बघून तुला रडू फुटलं आणि मग त्या रडण्याचीच लाज वाटली, असं लिहिलंयस. लाज वाटून घेऊ नकोस. पहाटे बादली घेऊन सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहण्याचे दिवस परत यावेत असं तुला थोडंच वाटतंय? जे गेलं ते तुझं होतं, म्हणून रडलीस.

आजी दिवसभर दार उघडं ठेवते आणि बाबा येता-जाता ते लावून घेतात, यावरून घरात रोज कटकट होते म्हणतेस. बाबांना माझा निरोप सांग, दार उघडं राहू द्या. चाळीत तुमची आणि आमची खोली एकाच मजल्यावर, समोरासमोर वीस खोल्या आणि मधून बोळ. भर दिवसा कुणाचं दार लागलेलं दिसलं की शेजारीण कडी वाजवून विचारायची, "काय गं, बरं नाही का?" बंद दार म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, हे त्या माऊलीच्या अंगात साठ वर्षं मुरलंय. विसाव्या मजल्यावर बोळातून कुणी जात नाही, हे तिलाही कळतं. तरी संध्याकाळी तिच्याजवळ उंबऱ्यात जरा बसत जा.

आता माझी चूक सांगतो, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून. माझे वडील कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. घरी बसले की खिडकीतून गिरणीच्या चिमणीकडे बघत राहायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यांना वाईट वाटेल म्हणून गिरणीचा विषयच काढायचा नाही, असं मी ठरवलं. त्याला मी माया समजत होतो. पुढे डोंबिवलीला जाताना त्यांची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला दिली. आत हजेरीची कार्डं होती. ती मी उघडूनही पाहिली नाहीत. आज ते कुठल्या पाळीला जायचे, किती साचे सांभाळायचे, काही सांगता येत नाही मला.

त्यांच्या तेराव्याला साच्यावरचे त्यांचे जोडीदार आले होते. त्यांनी मला धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, कसा भरायचा ते रिकाम्या हातांनी दाखवलं. सुताची कांडी आत बसवायची, धोटा ओठांना लावायचा आणि सूत भोकातून श्वासाने ओढून घ्यायचं. दिवसातून असंख्य वेळा. दाखवताना म्हाताऱ्याने ओठांचा चंबू केला, डोळे मिटले. गिरणी बंद पडून वर्षं लोटली होती, पण ते तोंड अजून कामावरच होतं.

हे ऐकून बाळ, मला तुझे पणजोबा आठवले. ते शेवटपर्यंत त्रासनखात्यातच, म्हणजे सूत कातायच्या खात्यातच राहिले. जास्त पगार साचेखात्यात, पण धोट्याला तोंड लागायचं, म्हणून दलितांना तिथे शिरू देत नसत. 1928 च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. एकाच चाळीत राहणारी, एकच भोंगा ऐकून निघणारी माणसं गिरणीच्या फाटकातून आत गेली की वेगळी व्हायची. "गिरणगावात सगळे एका जीवाचे होते" असं आमच्या वयाचे लोक सांगतात तेव्हा मला त्यांचं प्रेम कळतं, पण तुझे पणजोबा त्या वाक्यात बसत नाहीत. तुला चाळीची आठवण जपायची असेल तर त्यांच्यासकट जप. नाहीतर गणपतीची आरास आणि कोजागरीचं दूध एवढंच उरेल, आणि तेवढ्यासाठी कुणाला ढिगाऱ्यापाशी उभं राहून रडू येत नाही.

आजीला "तेव्हा कसं होतं?" असं विचारू नकोस. "छान होतं" म्हणेल आणि गप्प बसेल. नळाला पाणी किती वाजता यायचं ते विचार. पगाराच्या दिवशी काय शिजायचं, संपाच्या वर्षी कुठला दागिना मोडला, कुणाच्या घरी तिला पाणी वरून ओतून दिलं जायचं, आणि कुणी पहिल्यांदा हातात पेला दिला. सांगताना ती अडली तर घाई करू नकोस. मोबाईलवर आवाज घे, पण वहीतही उतरव, तिच्याच शब्दांत. तिची बोली सुधारू नकोस.

आणि खोलीच्या छताला पाळण्याची कडी होती, ती पाडण्याआधी बाबांनी काढून आणली, असं तू पत्राच्या शेवटी घाईत एका ओळीत लिहिलंयस. माझ्या धाकट्या बहिणीचा पाळणाही त्याच कडीला होता. आमच्या खोलीला कडी नव्हती, म्हणून तुझ्या पणजीने दुपारपुरती जागा दिली होती. मी रविवारी येतो. कडी धुऊन-पुसून चकचकीत करू नकोस, आहे तशी राहू दे.

तुझा,
काका